छोट्या लाईनचं इंजन

खासबाग, बेळगाव
ता. ११ एप्रिल १९३७

जोतिबाआण्णांस गुंडूचा रामराम.

आम्ही दोघं घरी पोचलो. निपाणीहून निघालेली मोटर वंटमुरीच्या घाटात बंद पडली, तेव्हा सगळ्यांनी उतरून ढकलली. तुमची बहीण मात्र आत बसून रडत होती. तिला खाली उतरा म्हणायचं धाडस क्लीनरला झालं नाही.

घरी आल्यापासून माली चुलीपुढं रडते, पाण्याला जाताना रडते, मला भाकरी वाढताना रडते. मी तिला रडू देतो. रडणाऱ्याचं बरं असतं. मला घोर लागलाय तो तुमचा. राजावहिनी तापानं गेल्या, दिवस झाले, पिंडाला कावळा शिवला, भावकी जेवून गेली, आणि एवढ्या सगळ्यात तुमच्या डोळ्यांतून टिपूस गळालेलं कुणी बघितलं नाही. समाचाराला आलेल्या माणसांना तुम्ही तंबाखूचा भाव विचारत होता. शाली मला मागल्या दारात म्हणाली, "मामा, आप्पांनी रडाय पायजे." आई गेली पोरीची, आणि काळजी ती बापाची करतेय.

दुसरी गोष्ट संकेश्वरच्या स्थळाची. ते वहिनींनीच पसंत केलेलं. घरात मयत झालं की लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, ही रीत मी तुम्हाला सांगायला नको. तीन वर्षं कोण थांबतंय? म्हणजे पुढल्या शिमग्याच्या आत शालीचं लग्न व्हायला पाहिजे. मनात असू द्या.

तिसरी गोष्ट मालीनं बघू नये म्हणून दौत घेऊन परसात बसलोय. मुंबईच्या दुकानाचं खेळण्यातल्या आगगाड्यांचं यंदाचं क्याटलॉग आलं, ते सोबत पाठवतोय. "लवकरच येणार" अशी शेवटची पानं आहेत ती बघा. हिरवं इंजन आहे, मागं कोळशाचा डबा वेगळा, चावी दिली की लांब पळणारं. दारं उघडणारे थर्ड क्लासचे डबे आहेत, मालगाडीची दुधाची वाघीण आहे, पडलेली गाडी उचलणारी क्रेन आहे. फोटो एकाचाही नाही, कारण ही सगळी विलायतेच्या कारखान्यात अजून तयारच झालेली नाहीत. नुसती रेघांची चित्रं. दिवाळीपर्यंत येतील म्हणतात. माझ्याकडं क्याम्पातल्या मेजरसाहेबाच्या लिलावातली जुनी गाडी तरी आहे, पलंगाखाली ती अजून फिरते. तुम्ही इतकी वर्षं नुसती पानंच चाळत आलात. या खेपेला एक मागवा. खुळचटपणा म्हणा हवं तर, पण दुसरं काय सांगावं ते मला सुचत नाही.

तुमचा
गुंडू

*

निपाणी
३ मे १९३७

दाजी,

पत्र पोचलं. क्याटलाग बी पोचलं.

मी बरा हाय. वखारीत जातो. बाया तंबाखू निवडत्यात, मी बघत बसतो. कुणी काय इचारलं तर सांगतो. घरात आलो की शाली ताट वाढती. काय खाल्लं ते मला ठाव नसतंय, पर ताट रिकामं झाल्यालं असतंय, म्हंजे मीच खाल्लं असणार.

रडलो न्हाय म्हून लिहिलासा. खरं हाय. लोक येत्यात, रडत्यात, मलाच त्येंची समजूत काढाय लागती. रडायचं म्हून एकदा विहिरीवर जाऊन बसलो. काय आलं न्हाय. हातावर झोपल्यावर हात कसा बधिर हुतो, तसं सगळं अंग झालंय. हाय ते दिसतंय, पर कळत न्हाय.

फोटू नसल्याली पानं मला बरी वाटली. जे हाय ते बघवत न्हाय. जे अजून झालंच न्हाय ते बघाय सोपं पडतंय. हिरवं इंजन मागवा. डबे नकोत, डबे मी हितंच करतो. वखारीच्या माळ्यावर जागा हाय, तपकिरीचे पत्र्याचे डबे ढीगभर हाईत, शामू सुतार हाय. निपाणीला आगगाडी न्हाय. सरकारानं दिली न्हाय तर आपली आपण करावी.

संकेश्वरचं बघू.

जोतिबा

*

खासबाग, बेळगाव
ता. २० जून १९३७

जोतिबाआण्णांस रामराम.

मुंबईला मागणी गेली. माझ्या नावावर, बेळगावच्या पत्त्यावर. दुकानदाराचं उत्तर आलं की जहाजातून पहिला माल उतरला की आपलंच पहिलं.

"संकेश्वरचं बघू" एवढं वाचून तुमची बहीण जी भडकली, ती अजून शांत नाही. तिचा निरोप तिच्याच शब्दांत लिहितो, माझी त्यात काही भर नाही. "दादा, विलायतेच्या इंजनाला मागणी गेली आन् पोटच्या पोरीला बघू? वैनी असती तर तुला फुंकणीनं हाणलं असतं." हे लिहा म्हणाली आणि लगेच पदर डोळ्याला लावला. मग म्हणाली, नका लिहू. तोपर्यंत शाई वाळली होती.

माझं म्हणणं एवढंच, की माळ्यावर खुशाल बसा, पण खाली माणसं आहेत हे विसरू नका. रूळ कशाचे करताय ते कळवा.

गुंडू

*

निपाणी
१२ सप्टेंबर १९३७

गुंडूमामांस शालूचा नमस्कार.

आत्तीला हे पत्र वाचून दाखवा. मधला एक भाग मात्र तुम्हीच वाचा.

यंदा आमच्यात सण न्हाई. गल्लीत गणपती आले, आम्ही दार लोटून बसलो. आप्पा सकाळी वखारीत जातात ते माळ्यावरच असतात. पत्रा कापायचा, ठोकायचा, घासायचा. धोतराला पत्र्याचा कीस लागलेला असतो. मी काय बोलले तर व्हय म्हणतात. परवा मी मुद्दाम म्हटलं, "आप्पा, आज चुलीत साप निघाला." व्हय म्हणाले.

संकेश्वरची माणसं येऊन गेली. मुलाचे, भरमूंचे, वडील आणि चुलते. चहा झाला, पान झालं. वडील म्हणाले, "पावणं, तारखेचं कसं?" आप्पा म्हणाले, "इंजन आलं की बघू." त्यांना वाटलं विहिरीवर तेलाचं इंजन बसवणार. मोठ्या कौतुकानं म्हणाले, "घ्या की, मळ्याला पाणी हुईल." मग आप्पांनी त्यांना माळ्यावर नेऊन सगळं दाखवलं. खाली उतरले तेव्हा दोघांची तोंडं बघण्यासारखी झाली होती. चुलते म्हणाले, माघापर्यंत वाट बघतो, मग आमची वाट आम्हाला मोकळी. आणि पानाचा तोबरा आमच्या दारातच थुंकून गेले.

आता हे तुम्हीच वाचा. मामा, मला ते पसंत आहेत. आईनं बघितलं म्हणून न्हाई, मला स्वतःला. जत्रेत दोनदा बघितलंय. हे सांगायला घरात कोण न्हाई म्हणून तुम्हाला लिहिते. पण आप्पा असे दगडासारखे असताना मांडवात उभी राहायला माझा जीव धजत न्हाई. मी गेले तर यांच्याजवळ व्हय म्हणायला तरी कोण असणार? ते एकदा रडले असते तर मी हसत गेले असते.

आपली
शालू

*

निपाणी
१७ ऑक्टोबर १९३७

दाजी,

लाईन झाली. तुम्ही रुळाचं इचारलंतासा म्हून लिहितो.

मी चिकोडी रोडला गेलतो. टेसनात कुणी नसताना रुळात उतरून काठीनं रुंदी मापली. मास्तरानं बघितलं, वरडला. सांगितलं, मापं घ्याय आलोय. तेला वाटलं येडा हाय. चहा पाजून मोटारीत बसवून दिलं.

क्याटलागात रूळ रुंद दावल्यात. त्ये विलायतेचं, तिकडं मोठी लाईन हाय. आपल्यात छोटी. मी आपल्या मापानं केलं. तेंची दोन बोटं हुतात तिथं माझं दीड बोट. डबे बी त्याच मापानं. बेळगावच्या गाडीला असत्यात तसेच, तसल्याच खिडक्या, तसलीच फळ्यांची बाकडी. गार्डाचा डबा केलाय. तंबाखूची गोणपाटात बांधलेली बोदं भरलेल्या दोन वाघिणी केल्यात, बोदांत खरा तंबाखू हाय. टेसनाला पाटी लावलीया. निपाणी. तिन्ही भाषांत.

हातानं ढकललं की सगळे डबे झ्याक पळत्यात. इंजन तेवढं ऱ्हायलं. ते बेळगावच्या पत्त्यावर मागवलंय, म्हंजे छोट्या लाईनचंच येणार. आपण बैलगाडी सांगताना गाव सांगितलं की सुतार त्या गावच्या चाकोरीपरमानं आस धरतोय. सुताराला कळतंय ते विलायतेच्या कारखान्याला कळत नसंल व्हय?

काम करताना काय आठवत न्हाय. काय वाटत बी न्हाय. म्हून करतो.

दिवाळी जवळ आली. दुकानाला इचारा.

जोतिबा

*

खासबाग, बेळगाव
ता. २९ ऑक्टोबर १९३७

जोतिबाआण्णांस रामराम.

दुकानाला विचारलं. दिवाळीला येत नाही. नाताळानंतर बघू म्हणतात. क्याटलॉगात "लवकरच" लिहायला शाई फार लागत नाही, बाबा.

आता दुसरं. हे पत्र मी कालपासून तीनदा फाडलंय. मी मालधक्क्यावरचा कारकून, दिवसभर वाघिणी मोजणारा माणूस, तेव्हा रुळाच्या रुंदीबद्दल मला गप्प बसता येत नाही. आण्णा, विलायतेचा कारखाना साऱ्या जगाला एकच माप करतो. मुंबईला जे जातं तेच बेळगावला येतं. आपल्याकडं छोटी लाईन आहे की मोठी, हे त्यांच्या गावीही नाही. तुमचं इंजन दोन बोटांचंच येणार. तुमच्या रुळावर ते बसणार नाही.

रागावू नका. तुम्ही केलंत तेच खरं आहे. बेळगावची गाडी जशी आहे तशी तुम्ही केलीत, आणि माझ्या पलंगाखाली कुठल्या तरी परक्या गावची गाडी फिरतेय. पण खरं म्हणून ते चालेल असं नाही. अजून दोन महिने आहेत. शामूला सांगून रूळ रुंद करून घ्या, डब्यांचे आस बदला. मी सुट्टी काढून येतो, दोघं मिळून करू. इंजन आलेल्या दिवशी तुमची निराशा व्हावी हे मला बघवणार नाही.

गुंडू

*

निपाणी
८ नोव्हेंबर १९३७

गुंडूमामांस शालूचा नमस्कार.

तुमचं पत्र मी आप्पांना दिलं न्हाई. रागवा, पण आधी ऐका.

पोस्टमननं ते माझ्याच हातात दिलं. वाचलं. ते तसंच कमरेला खोचून वखारीत गेले, शिडी चढले. आप्पा एका डब्याच्या खिडक्या रंगवत बसले होते. कडूनिंबाची काडी चावून तिचा कुंचला केला होता. माझी चाहूल लागल्यावर मान वर न करता म्हणाले, "शाले, हितं निळा देऊ का हिरवा?"

मामा, आई गेल्यापासून त्यांनी मला काही विचारलं न्हवतं. भूक लागली का न्हाई, झोपलीस का न्हाई, काही न्हाई. हे पहिलंच. मी हिरवा म्हटलं. तुमचं पत्र परत खाली घेऊन आले.

इंजन नाताळानंतर येणार एवढंच सांगितलं. "बरं" म्हणाले.

तुम्ही म्हणता आता रूळ बदला. आता बदला म्हटलं तर ते हातातली काडी खाली ठेवतील आणि परत उचलणार न्हाईत, हे मला दिसतंय. इंजन येईल त्या दिवशी व्हायचं ते होऊ दे. तोवर त्यांना करू दे. माघ निघून गेला आणि माझं मोडलं तर मोडलं, मी सोसीन.

तुम्ही त्यांना पुन्हा त्याबद्दल लिहू नका, तुम्हाला माझ्या आईची शपथ आहे.

शालू

*

खासबाग, बेळगाव
ता. २४ जानेवारी १९३८

चि. शालूस अनेक आशीर्वाद.

इंजन आलं. मालधक्क्यावर माझ्याच हातांनी पार्सल उतरवून घेतलं. घरी आणून माझ्या रुळावर ठेवलं, चावी दिली. पोरी, काय चाल आहे! मालीसुद्धा परकर-पोलकं घातलेल्या मुलीसारखी टाळ्या पिटत बघत राहिली. आणि मग तुमच्या माळ्यावरची दीड बोटाची लाईन आठवली.

माझ्या मनात पाप आलं. म्हटलं, कळवून टाकावं की जहाज बुडालं, इंजन येत नाही, आता लग्नाचं बघा. माघ आठ दिवसांवर आलाय. तुझ्या आत्तीला बोलून दाखवलं, तर ती म्हणाली, "पाठवा. खोटं बोलून माझा भाऊ जिता व्हायचा न्हाई." तिच्यापुढं माझं कधी चाललंय?

तेव्हा उद्याच्या मोटरनं ड्रायव्हरजवळ देऊन पाठवतोय. मला यायचं होतं, पण खानापूरच्या लाकडानं धक्का भरून गेलाय, साहेब सोडत नाही. तू शपथ घातलीस म्हणून मी रुळाबद्दल अक्षर लिहिलेलं नाही. पण आता जे होईल ते तुझ्या एकटीच्या अंगावर येणार, हे मला खातंय. त्यांच्याजवळ राहा. शिडीखाली का होईना, पण राहा. ते काही बोलले नाहीत तरी तू खाली निघून येऊ नको.

काय झालं ते लगेच कळव. माझा इथं जीव टांगणीला लागलाय.

गुंडूमामा

*

निपाणी
४ फेब्रुवारी १९३८

दाजी,

इंजन पोचलं. लई देखणं हाय. चित्रापरास देखणं हाय.

शालीनं लिहायचं हुतं, मीच म्हटलं मी लिहितो.

माळ्यावर नेलं. शामूला बी वर येऊ दिलं न्हाय. धोतरानं पुसलं, चावी दिली आन् टेसनाम्होरं रुळावर ठेवलं. बसंना. एका बाजूची चाकं रुळावर, दुसऱ्या बाजूची भाईर. फिरवून ठेवलं. तसंच. मग बोटं लावून बघितली. दोन बोटं.

दाजी, मला हसू फुटलं. आधी जरा, मग आवरंना. एवढे महिने खपून लाईन केली, टेसन केलं, पाटी लावली, डब्याला खिडक्या केल्या, आन् जेच्यासाठी केलं तेच बसंना. मांडव घातला आन् नवराच न्हाय, असली गत. असलं गाढवकाम केलं की मी काय करतो ठाव हाय तुम्हाला? शालीच्या आईला हाक मारतो. लगीन झाल्यापास्नं करत आलोय. माझं काय चुकलं की पयलं तिला दावायचं, तिनं पदर तोंडात धरून हसायचं, मग मला हलकं वाटायचं. तशीच हाक मारली. "अगं ए, वर ये, बघ तरी काय करून ठेवलंय मी!" मोठ्यानं मारली. आन् थांबलो.

ती यायची म्हून थांबलो, दाजी.

शिडी वाजली. मी हसतच मागं बघितलं. शाली हुती.

तवा कळलं. साऱ्या गावाला मीच सांगत हुतो, ती गेली, तापानं गेली, तीन दिसांत गेली. मला सोताला त्या दिशी कळलं.

रडलो. लई रडलो. खाली बायांनी तंबाखू निवडायचा थांबवला म्हनं. शालीनं मला धरलं आन् ती बी रडाय लागली. आईसाठी तिला असं रडाय मी सवडच दिली न्हवती, ते बी तवाच ध्यानात आलं. बाप असून पोरीला पोरकी करून ठेवलं हुतं मी. अजून बी रडतो. भाकरी खाताना रडतो, मोटेचा आवाज आला तर रडतो. अंगाला मुंग्या आल्यागत सगळं दुखतंय. पर भाकरीला मीठ कमी हाय, हे काल कळलं.

तुमचं ते पत्र शालीनं मग दिलं. बरं केलं तिनं, आधी दिलं न्हाय ते.

दुसऱ्या दिशी सोता संकेश्वरला गेलो. व्याह्यांच्या पायावर डोकं ठेवलं, चुकलो म्हटलं. चुलता तोंड फिरवून बसला हुता. भरमूच म्हटला, "आप्पा, चुकलं म्हनू नका, आमच्यात बी आई गेल्याली हाय." पोरगं गुणाचं हाय. शालीच्या आईला माणसाची पारख हुती. माघातलाच मुहूर्त धरलाय, चौदा तारखेच्या आत मालीला घेऊन या.

आता एक मागणं हाय. बायको न्हाय तेनं कन्यादानाला बसायचं न्हाय, भटजीनं सांगितलं. भांडलो न्हाय. तुम्ही आन् माली बसा. मालीनं शालीच्या हातावर पाण्याची धार धरावी. तिची आई असती तर तिनं धरली असती. मी मांडवाच्या मेढीजवळ हुबा ऱ्हातो.

आन् एक आत्ताच सांगून ठेवतो. त्या टायमाला मी रडाय लागलो, तर कुणी मला गप करायचं न्हाय.

जोतिबा